वराळ्याची मिरवणूक

इतरांच्या वेळेचा अंदाज बांधणाऱ्याने त्यांच्या आनंदालाही जागा ठेवावी, हा साधा धर्म आहे. कारखान्यात कामांचे वेळापत्रक आखणाऱ्या स्नेहलने भावाच्या लग्नातही तेच काम अंगावर घेतले. वराळे गावातल्या मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ती एकटीच चालून आली आणि मिरवणुकीला दहा मिनिटे धरली. आता मुहूर्त तोंडावर आला, तरी वऱ्हाड देवळापुढेच नाचत होते.

“मावशी, चला ना,” ती काकुळतीला आली.

“बँड हितं वाजतोय, मग आमी तितं कशाला जाऊ?” नंदामावशी गिरकी घेत म्हणाली.

स्नेहलला हसू फुटले. तिने बँडवाल्यांनाच मांडवाकडे पिटाळले. त्यांच्यामागे मावशी, घोडी, नवरदेव, सारेच नाचत धावले. अक्षता मुहूर्तावर पडल्या. नवदांपत्याचे आणि धापा टाकणाऱ्या त्या वऱ्हाडाचे कल्याण असो.