कॉलरचा फर्मा

मास्तरांच्या घरी चित्र बघायचं तर आधी हात धुवावे लागत. नुसते धुवून भागत नसे. पुसून, कोरडे करून तळवे पुढे धरायचे, मग मास्तर चष्मा नाकावर ओढून, एखादी टीप तपासावी तसे ते तपासत. नऊ वर्षांच्या नातीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती जेवायला बसतानाही तळवे पुढे करायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. खाली रस्त्याला लागून दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकान आता लेक चालवायची. वरच्या मागच्या खोलीत पूर्वी कापडाचे तागे असत. तिथल्या रुंद, उथळ कप्प्यांमध्ये आता मास्तरांची छापचित्रं होती. एकशे बारा. चाळीस वर्षांत एकेक करून जमवलेली, दोन चित्रांमध्ये पातळ कागद घालून निजवलेली.

"छापलेलंच चित्र ना? मग कॅलेंडर काय वाईट?" असं कुणी म्हटलं की मास्तर रागावत नसत. उलट त्यांना हुरूप येई. ते त्या माणसाला बसवून घेत आणि पहिल्यापासून सांगत. तांब्याचा गुळगुळीत पत्रा असतो. त्यावर मेणासारखा थर देऊन सुईनं रेघा काढायच्या. ॲसिडमध्ये बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा खोल खाल्ल्या जातात. मग थर काढून शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि मोठं चाक फिरवून दाबायचं. दुसऱ्या कागदासाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणं, पुन्हा चाक.

"एका फर्म्यावर तीस शर्ट कापले, तरी शिवणारा हात प्रत्येक वेळी नव्यानं चालतो की नाही? तसं," ते म्हणत. "आणि तीस झाले की पत्र्यावर आडवीउभी फुली मारायची. एकतिसावा निघायचा नाही."

हे सगळं ऐकून संग्रहालयाच्या मॅडम पहिल्याच भेटीत खूश झाल्या होत्या. त्यांना मोठ्या दालनात एकाच माणसाचा संग्रह मांडायचा होता, आणि तो माणूस शिलाईकाम करणारा असावा हे त्यांना फार आवडलं होतं. दालनात चाळीस चित्रं मावणार होती. आज निवडीचा शेवटचा दिवस. हात धुऊन झाले, तळवे पास झाले, आणि दुपारपर्यंत एकोणचाळीस चित्रं ठरली. प्रत्येक वेळी मॅडम "वा" म्हणत आणि मास्तरांची छाती इंचभर फुगे. चहा घेऊन वर आलेली लेक म्हणाली, "मॅडम, जरा बेतानं. यांच्या शर्टाची बटणं मलाच लावावी लागतात."

"चाळिसावं हे," मास्तर म्हणाले. "म्हणजे खरं तर पहिलं."

त्यांनी भिंतीवरची एक बेताची चौकट उतरवली. दोरीवर वाळत घातलेला एक शर्ट, वाऱ्यानं थोडा फुगलेला. बस्, एवढंच चित्र. काळी शाई, पण ऊन कुठून येतंय ते कळत होतं.

मॅडमनी चौकट उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, याचे समास कापलेत."

"हो."

"खालचा समास नाही म्हणजे क्रमांक नाही, सही नाही. तुम्ही ज्यांना शाईबाई म्हणता, त्या चित्रकर्तीचं हे आहे, हे मला दिसतंय. पण लोकांना मी दाखवू काय? उद्या कुणी म्हणेल, पुस्तकातलं पान कापून लावलंय. त्यांची दुसरी सात आहेत ना तुमच्याकडे, सगळी धडधाकट. त्यातलं एक घेऊ."

"पहिलं हेच लागेल," मास्तर म्हणाले. "हे नसेल तर बाकीची कप्प्यातच बरी आहेत."

लेकीनं बशी खाली ठेवली. चाळीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, त्याच दिवशी बाबा असं अडून बसतील असं तिला वाटलं नव्हतं. "बाबा, हत्ती गेला नि शेपूट राहिलं, त्यासाठी अडता?"

"कारण सांगा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पटलं तर लावू."

मास्तरांनी चौकट परत घेऊन तिची काच बाहीनं पुसायला घेतली. तेव्हा नातीनं मदतीला यायचं ठरवलं. "मला माहीत आहे. एका अडाणी माणसानं कापलं ते. आजोबा नेहमी सांगतात. चित्राला हात कसा लावायचा नाही ते शिकवताना सांगतात. तो इतका अडाणी होता की त्याला कागद आणि कापड यातला फरक कळत नव्हता."

"कोण होता तो?" मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न घरात इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. लेकीला वाटायचं, कुणी चौकटवाला असेल. मास्तरांनी नातीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आजोबांइतका शहाणा माणूस पृथ्वीवर दुसरा नव्हता. तेवढंच त्यांना जड जात होतं. मॅडमचं काय, त्या आज आल्या, उद्या जातील.

शेवटी ते लेकीला म्हणाले, "खालून कॉलरचा फर्मा आण. खिळ्याला असतो तो. आणि ब्लेड."

"माझा फर्मा? अहो, तीन शर्ट कापायचेत आज."

"आण म्हणतो ना."

फर्मा आला. हातभर लांब पट्टी, दोन्ही टोकं गोलावलेली, वरून जाड अस्तराचं कापड घालून चहूबाजूंनी शिवलेली. खडूनं पांढरी झालेली, हातांनी काळवंडलेली. मास्तरांनी खिडकीशी बसून एकेक टाका उसवायला सुरुवात केली. घाई केली नाही. उसवता उसवताच बोलू लागले, कारण त्यामुळे वर बघावं लागत नव्हतं.

"शाईबाई माझ्याकडे ॲप्रन शिवायला आल्या होत्या. म्हणाल्या, काखेत काचतो. मी म्हटलं, माप उभ्या माणसाचं घेऊन चालायचं नाही, कामातल्या माणसाचं घ्यावं लागेल. म्हणून त्यांच्या कारखान्यात गेलो. त्या चाक फिरवत होत्या, मी टेप घेऊन मागे उभा. त्यांनी कागद उचलला आणि खाली हा शर्ट. मी बघतच राहिलो. चित्रातल्या शर्टाचा खांदा कधी बरोबर बसत नाही हो. त्यांचा बसला होता. तिथल्या तिथे मागून घेतला.

"चौकट घरात होती, पण लहान. मग काय. जास्तीचं कापड कापायचं, एवढंच मला ठाऊक. कापलं. खालची पट्टी जाड, लवचीक, इतका सुरेख कागद, टाकवेना. म्हणून तिचा फर्मा केला. मग चौकट काखेत मारून ऐटीत शाईबाईंना दाखवायला गेलो."

"ओरडल्या?" नातीनं विचारलं.

"गप्प झाल्या. ते वाईट असतं. मग समास म्हणजे काय, क्रमांक म्हणजे काय, सगळं सांगितलं. आत्ता मी तुला सांगतो ना, ते सगळं त्यांचंच. म्हणाल्या, पट्टी कुठाय? मी म्हटलं, कॉलर झाली तिची. तेव्हा मात्र इतक्या हसल्या की डोळे पुसताना गालाला शाई लागली. म्हणाल्या, राहू दे. भिंतीवर नाही तर नाही, गावाच्या गळ्याभोवती तरी फिरू दे माझी सही."

शेवटचा टाका सुटला. अस्तरातून पट्टी निघाली. आत उजेड गेलाच नव्हता. कागद जसाच्या तसा होता. डावीकडे पेन्सिलीनं ४/३०. उजवीकडे सही, तिचं शेवटचं शेपूट कॉलरच्या गोलाईत गेलेलं.

मॅडमनी पट्टी चित्राखाली ठेवली. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो, त्याची बारीक खूण वरून खाली सरळ जुळली. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"तर तो अडाणी माणूस मी," मास्तर नातीला म्हणाले.

नातीनं विचार केला. "मग त्यानंतर एकही नाही कापलं?"

"एकही नाही. एकशे अकरा आणली. एकाचाही कोपरा दुमडलेला दाखव."

"बघितलेत मी सगळे," नात म्हणाली. "नाही दुमडलेला."

लेकीनं रिकामं अस्तर उचललं, उलटंसुलटं केलं. लग्नाआधीपासून ती याच फर्म्यावर कॉलरी आखत होती. "म्हणजे इतकी वर्षं मी..." एवढं बोलून ती हसू लागली. मग म्हणाली, "आता नवा फर्मा तुम्हीच करून द्यायचा. आणि साध्या पुठ्ठ्याचा."

मॅडमनी विचारलं, पट्टी जोडून घ्यायची का. संग्रहालयात तसं काम करणारी माणसं आहेत, सांधा दिसणारसुद्धा नाही. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "ठिगळ लपवायचं नसतं. खाली चार बोटं जागा सोडा आणि तशीच ठेवा."

दालन उघडलं त्या दिवशी दारातून आत गेल्या गेल्या तेच होतं: वर शर्ट, खाली कॉलर. शेजारी पाटी, शब्द मास्तरांचे: 'याचे समास एका शिंप्यानं कापले. त्यानंतर त्यानं एकशे अकरा चित्रं जमवली आणि एकाचेही कापले नाहीत.'

नात तिथून हलायला तयार नव्हती. येईल त्याला थांबवून ती सांगत होती, "तो शिंपी म्हणजे माझे आजोबा. आमच्या दुकानातल्या सगळ्या कॉलरी या पट्टीवर कापल्यात. आणि आधी हात दाखवा." लोक हसत, तळवे पुढे करत, मग वाकून पाटी वाचत. दारावरच्या पहारेकऱ्यानंही वाचली. वाचून झाल्यावर त्याचा हात आपसूक स्वतःच्या कॉलरकडे गेला.

मास्तरांनी ते पाहिलं. शर्ट त्यांच्याच दुकानातला होता, दहा वर्षं तरी जुना. कॉलर अजून ताठ होती.