पक्क्या शिलाईचे टोमॅटो

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की मदत मागितली तर विसरतील, आणि न मागता करायला गेले तर अशी करतील की पुन्हा कुणी मदतीचं नाव काढायचं नाही. माणूस सोन्यासारखा आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे.

आमचं शिलाईचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. कापणं आणि मशीन ह्यांच्याकडे; काज-बटण, दुमडपट्ट्या आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. घरात तिसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. शाळेत बाई आहेत. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना वन्संनीच लहानाचं मोठं केलं. त्यामुळे हे एवढे मिशीवाले झाले, तरी ताईनं भुवई उंचावली की कात्री खाली ठेवून उभे राहतात.

आता वन्सं. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे, सगळे विषय त्याच शिकवतात, आणि सगळे विषय मातीतून शिकवतात. शाळेच्या मागे भिंतीलगत एक वाफा आहे, तिथेच अर्धा दिवस वर्ग भरतो. अपूर्णांक शिकवायचे तर वाफ्याचे भाग पाडायचे. विशेषणं शिकवायची तर भेंडीच्या पानावरून बोट फिरवून ‘खरखरीत’ म्हणायचं. भूगोलात पाणी कुठून कुठे वाहतं ते झारीनं ओतून बघायचं. मागे टोमॅटोची बरीचशी रोपं गोगलगायींनी फस्त केली, तेव्हा मला वाटलं बाईंचं आता अवसान गळणार. कसलं काय. त्यांनी उरलेल्या रोपांवर वजाबाकी घेतली आणि नवं बी पेरलं.

हे सगळं शाळेत राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या घरी बटणांच्या डब्यात मटकी भिजत असते. वाटी घ्यायला जावं तर तीत रोप. एकदा माझी मापाची टेप सापडेना, गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून ताटकळलेलं, आणि वन्सं संध्याकाळी ती पर्समधून काढून म्हणतात, भोपळ्याचा घेर घ्यायचा होता. टेपला ही माती. मी ती धुतली, तर आकडे गेले. त्यानंतर मी जे बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर त्या वाफ्यावर मुख्याध्यापकांचा डोळा होता. त्यांना तिथे फरशी घालून गाड्या उभ्या करायच्या होत्या. गाडी शाळेत एकच, ती त्यांची. सुट्टी लागली की काम सुरू करणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. वन्संनी विनवण्या केल्या, भांडल्या, पालकांना घेऊन गेल्या. शेवटी योगायोगानं एका संस्थेनं जाहीर केलं की रोजच्या धड्यांत शेती आणणाऱ्या शिक्षकांचा सन्मान करायचा आहे. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, तो सन्मान मिळाला तर वाफा राहील. सन्मानाचा फोटो त्यांच्या खोलीत लागला असता ना. नाही मिळाला, तर फरशी.

वन्सं घरी तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसांत जेवताना भाताचे वाफे करून बसायच्या आणि एकही खायच्या नाहीत. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची. त्यांना ना सोन्याची हौस, ना साड्यांची. एवढीशी माती हवी होती, आणि तीही शाळेच्या मुलांसाठी.

परीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक दुकानात पँटचं माप द्यायला आले. हे खाली वाकून पायाची उंची घेत होते आणि वरून मुख्याध्यापकांची रडगाणी चालू. म्हणाले, तुमच्या बहिणीची बाग म्हणजे नुसती शोभा. टोमॅटोला एक फळ नाही. वर एक ओळ तर वाळून कोळ झालीय. उद्या परीक्षक काय बघणार, माझं नशीब? ते पँटचं माप देऊन निघून गेले. मी म्हटलं, बरी ब्याद गेली. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि हातातलं काजाचं काम बाजूला ठेवलं. हे असे गप्प झाले की समजावं, मदत उगवतेय.

मी विचारलं, काय विचार चाललाय? तर म्हणाले, काही नाही, हिरव्या दोऱ्याचं रीळ कुठेय?

सकाळी मी उठले तर हे घरात नाहीत. उजाडून बराच वेळ झाला आणि मग आले, गुडघ्याला चिखल, बोटाला सुया टोचलेल्या, हातात रिकामी पिशवी, आणि चेहऱ्यावर तो आनंद, जो मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. वन्सं तोवर शाळेत निघून गेल्या होत्या. मी ह्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, बोला.

ह्यांनी भाजीवाल्याकडून पिशवीभर टोमॅटो आणले होते, देठासकट, सगळे एका मापाचे, निवडून. आणि शाळेच्या वाफ्यात बसून ते झाडांना शिवले होते.

“शिवले?” मी विचारलं.

“बांधलेला दिसतो,” हे म्हणाले. “शिवलेला नाही दिसत. कोटाच्या बटणाखाली दोऱ्याची मान ठेवतो तशी ठेवलीय, चार वेढ्यांची. ओढला तरी निघायचा नाही.”

मी कपाळावर हात मारला. मग विचारलं, सगळ्या झाडांना? हो, सगळ्या. त्या वाळलेल्या ओळीला सुद्धा? तर म्हणाले, तिची दया आली, तिला जास्तच लावलेत.

आता मी काही शेतकी शिकलेली नाही, पण वन्संच्या शेजारी बसून इतकी वर्षं जेवते आहे. त्या वाफ्यात टोमॅटोच्या शेजारी वांगी होती, हे मला माहीत होतं. ह्यांना होतं का? ह्यांनी जन्मात झाड बघितलं ते कापडावरच्या नक्षीत. मी चपला घातल्या, वन्संचा डबा सबबीला उचलला आणि धावले. हे मागून येतच होते, आपली कला बघायला.

पोहोचले तर उशीर झाला होता. मुलं वाफ्याभोवती उभी, वन्सं मध्ये, बाजूला मुख्याध्यापक, आणि परीक्षक. परीक्षक म्हणजे एक जाडजूड, शांत गृहस्थ, ज्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना भूक लागलीय की राग आलाय हे कळत नव्हतं. आणि वाफा. काय सांगू तुम्हाला. वीतभर वीतभर उंचीची ती लेकुरवाळी रोपं, प्रत्येकाला लालभडक टोमॅटो, सगळे एका रेषेत, सारख्या अंतरावर, वरून खाली, सदऱ्याची पट्टी असावी तसे. नाकापेक्षा मोती जड. निम्मी रोपं वाकून जमिनीला टेकली होती. वाळलेल्या काड्यांवर सगळ्यात जास्त. आणि वांग्याच्या झाडांवरही तेच, एकाही झाडाला डावललं नव्हतं.

मुख्याध्यापक मात्र खूश. त्यांनी परीक्षकांना हातानं दाखवलं की बघा, आमच्या शाळेची जमीन.

परीक्षक वांग्याच्या झाडाजवळ जाऊन वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ होऊन वन्संना शांतपणे विचारलं, हे कधी लागले?

वन्संनी एक टोमॅटो बोटांत धरला, उलटा केला, देठाखालचे वेढे बघितले. त्या गाठीवरून त्यांना कळलं, हे मला दिसलं. ती गाठ ह्यांना त्यांनीच शिकवलेली होती. त्यांनी मान वर केली आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे बघितलं. ह्यांच्या गळ्यात टेप. हे हसले. मी मनात म्हणत होते, वन्सं, म्हणा परवा लागले, एवढं म्हणा आणि मोकळ्या व्हा, वाफा वाचेल, हा परीक्षक शेतीतला थोडाच आहे, पुढचं पुढे बघू.

वन्सं मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मुलांनो, काय दिसतंय ते सांगा.”

बस्स. बांध फुटला. एक मुलगी म्हणाली, बाई, काल फुलं होती, फुलाचं एका रात्रीत एवढं होत नाही. दुसरा म्हणाला, वांग्याच्या झाडाला वांगंच लागतं. तिसरीनं पट्टी आणून दोन टोमॅटोंमधलं अंतर मोजलं, मग पुढच्या दोघांमधलं, आणि म्हणाली, सगळं सारखं आहे, झाडाला असं जमत नाही. एकानं वाळलेल्या काडीकडे बोट दाखवलं. ही ओळ आम्ही मुद्दाम वाळवली, पाणी न देता काय होतं ते बघायला, आणि पाण्यावाचून टोमॅटो येत असतील तर आमचा सगळा तक्ता चुकला. हे सांगताना तो रडकुंडीला आला होता. मग एकीनं नाक जवळ नेऊन दोरा शोधला. खणायला लागावं तशी सगळी त्या दोऱ्याच्या मागे लागली. हिरवा दोरा, पक्का, दुहेरी. म्हणजे करणाऱ्याला शिवता येतं. म्हणजे शिंपी. आणि मग त्या साऱ्या माना एकदम कुंपणाकडे वळल्या.

ह्यांनी गळ्यातली टेप हळूच खिशात टाकायला घेतली. ती निम्मी बाहेर लोंबत राहिली.

परीक्षकांनी विचारलं, का केलंत? हे पाऊलभर पुढे झाले. एवढं शिकलेल्या लोकांपुढे बोलायची सवय नाही, तरी सरळ बोलले. म्हणाले की सुट्टीत इथे फरशी पडणार आहे, ताईला दुसरं काही नको असतं, मला शिवण्यापलीकडे काही येत नाही. मुख्याध्यापकांनी ‘फरशी’ ऐकून आकाशाकडे बघितलं.

परीक्षक मुलांना म्हणाले, मग तुमच्या बागेत फळ नाहीच की, मी मार्क कशाला द्यायचे? मग ती पट्टीवाली मुलगी म्हणाली, “फळ यायचंय. तुम्हीच लवकर आलात.”

त्या गृहस्थांनी टोमॅटोकडे, मुलांकडे, परत टोमॅटोकडे बघितलं, ह्यांना विचारलं की हे सोडवायचे कसे, आणि वेढे उसवायचं तंत्र समजून घेऊन निघून गेले. निकालाचं अक्षर नाही. मुलांनी दिवसभर टोमॅटो उसवले. वन्संनी त्यावर गुणाकार घेतला म्हणे. त्यांना काय, मातीत पडलेलं काहीही पुरतं.

घरी मात्र ह्यांचं सगळंच बंद झालं. जेवण नाही, मशीन नाही, मुख्याध्यापकांची पँट एक पाय शिवून तशीच. शेवटी वन्संच खाली दुकानात येऊन समोर स्टुलावर बसल्या. हे मान न उचलता म्हणाले की माझ्यामुळे वाफा गेला, तू गप्प राहिली असतीस तर निदान वाचला असता.

“गप्प कशी राहू?” वन्सं म्हणाल्या. “रोज त्यांना सांगते, दिसतं ते बोला. त्यांना तू दिसलास.” आणि ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी लहान पोराच्या ठेवावा तसा. मी काजाचं काम तोंडासमोर धरून बसले. मी रडत नव्हते, सुई टोचली होती.

बरेच दिवस गेले. मुख्याध्यापकांनी फरशीचे नमुने बघायला सुरुवात केली, हिरवट घ्यावी की पांढरी, हे मलाच विचारायला आले. मी म्हटलं, काळी घ्या, तोंडाला शोभेल. ते हसले, त्यांना कळलं नाही.

आणि मग निरोप आला. वन्संची निवड झाली होती.

समारंभ मोठ्या सभागृहात होता. वन्संना व्यासपीठावर बसवलं होतं, नखांत माती तशीच. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, नव्या पँटमध्ये. आम्ही मागे, चौथीच्या मुलांसोबत. तेच परीक्षक उभे राहिले आणि माईकवर सांगू लागले. म्हणाले, मी अनेक शाळांच्या बागा बघितल्या, सगळ्या हिरव्यागार, आणि मुलं पाठ केल्यासारखी बोलायची. एका शाळेत एका शिंप्यानं लबाडी केली होती. झाडांना टोमॅटो शिवले होते. तिथल्या मुलांनी ती लबाडी माझ्यासमोर पकडली, आणि तो शिंपी बाईंचा सख्खा भाऊ निघाला. बाईंनी त्याला वाचवलं नाही. त्या वाफ्याला कुणी हात लावू नये, असं आमच्या संस्थेनं शाळेला कळवलं आहे.

टाळ्या सुरू झाल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. सगळ्या सभागृहासमोर नवऱ्याला लबाड म्हटलं होतं. आणि माझ्या शेजारून आमचे हे उठून उभे राहिले. ताठ, छाती काढून, दोन्ही हात जोडून, चारी दिशांना नमस्कार. शेजारच्यांना सांगतात, “तो शिंपी मीच.” मी सदऱ्याला धरून खाली ओढत होते. बसतील तर शपथ. लोकांना वाटलं ह्यांचाही सन्मान आहे, त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. चौथीची मुलं बाकांवर चढली.

मी वर बघितलं. वन्संनी हातातलं मानचिन्ह मांडीवर ठेवलं होतं आणि भावाकडे बघून त्या सुद्धा टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसायला एक हात मोकळा करत, परत वाजवत. मग मी सदरा सोडला आणि उभी राहिले.