उखर्डूआबांची गाठ मी पाहिली

मी एक जुने सोनोग्राफी मशीन आहे, मित्रांनो. माझी उमेदीची वर्षे जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे नवे मशीन आले, तशी माझी रवानगी धरणगावला डॉक्टर कामिनीबाईंकडे झाली. माझे एक चाक रुसलेले आहे. पण शरीराच्या आतले मला अजून स्वच्छ दिसते.

एकदा इंदिराबाई आपल्या नवऱ्याला, उखर्डूआबांना, घेऊन आल्या. आबांच्या अंडकोशात लिंबाएवढी गाठ होती. ती कॅन्सरचीच, असे ठरवून त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नाही. आणि एक दिवस जिवापाड जपलेली बैलजोडी धाकट्या भावाला, गिरधरला, देऊन टाकली. तेव्हा कुठे इंदिराबाईंनी त्यांना समोर बसवून सगळे वदवून घेतले.

आमच्या दाराशी कायद्याची पाटी आहे : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' आबांनी ती अर्धीमुर्धी वाचली आणि माघारी वळले.

"आठे लिंगनं निदान करतस नही, लिखेल शे. चाल घर."

"ती पाटी पोटुशी बायासाठे शे," इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्ही शेतस का पोटुशी?"

आत डॉक्टरही बाईच निघाल्या. आबा भिंतीकडे तोंड वळवून पडून राहिले. थंडगार जेल लागताच असे दचकले, की मीही हललो. माझा प्रोब गाठीवरून फिरू लागला, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "ताई, कितला दिन शेतस मना?"

मी नीट पाहिले. गाठ वृषणाच्या बाहेर होती. कड गुळगुळीत, आत काळेभोर, म्हणजे नुसते पाणी.

"आबा, ही साधी पाण्याची गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर नाही. त्रास नसेल तर ऑपरेशनही नको."

आबांनी भिंतीकडचे तोंड इकडे वळवले. मग बायकोला म्हणाले, "आते गिरधरले काय सांगू?"

इंदिराबाईंनीच जाऊन खरे ते सांगितले. पुढच्या सोमवारी आबा गिरधरला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आले. तोही दोन वर्षे असेच दुखणे लपवून होता. आपलेच दिवस भरले असे वाटत असताना त्याने मुकाट्याने ते बैल बांधून घेतले होते! त्याच्याही अंडकोशात पाणीच साठलेले निघाले.

मित्रांनो, काम झाल्यावर माझा प्रोब पुसून ठेवला, की मला बरे वाटते. पण तुम्हाला एक विनंती आहे. प्रत्येक गाठ अशी साधी नसते, आणि पाहिल्याशिवाय मलाही कळत नाही. म्हणून अंगावर कुठेही गाठ हाताला लागली, तर घरात सांगा, डॉक्टरांना दाखवा. लाजायचेच असेल, तर तपासून झाल्यावर निवांत लाजा.