नागबाबांची नखं

अहेरीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी मिरचीचे ढीग तसेच पडून होते. सगळं गिऱ्हाईक नागबाबांभोवती जमलं होतं. बाबांनी मन्सूर टेलरच्या पोरीचं, नाहीदचं, कोपर धरलं, त्यावरची जाड पांढरी खपली खरवडली आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटले.

"पाहा, नागाचे दात! हिच्या आज्यानं नाग मारला. हे खानदान पिढ्यान्‌पिढ्या कात टाकत राहीन!"

मग बाबांनी स्वतःच्या चेल्याचं कोपर खरवडलं. तिथे ठिपका नाही! लोकांनी हात जोडले. मन्सूरभाऊंच्या बहिणीलाही हाच आजार, म्हणजे पुरावा पक्काच. जंगलच्या या मुलखात साप न मारलेला आजा आणायचा कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही.

नाहीदची होणारी सासू कनीजबाई गर्दीतच होत्या. "मन्सूरभाऊ, अशी पोरगी माह्या घरात नाई चालत," त्या म्हणाल्या. नाहीदचा चेहरा पाहून माझं डोकं सणकलं. मी विज्ञानाचा मास्तर, पण आवाज बसका. म्हणून धावत जाऊन दवाखान्यातून डॉक्टर संघप्रिया यांना घेऊन आलो.

डॉक्टरीणबाई भोळेपणानं म्हणाल्या, "बाबाजी, तुमची नखं दाखवा ना."

नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खळगे होते.

"पागोट्याखाली खाज येते काय?"

बाबांचा हात सवयीनं कानामागे गेला. कराकरा खाजवलं, खपली पडली आणि कानामागे लाल ठिपके चमकले.

मिरचीवाली मंगली ओरडली, "बाबा, तुमच्या आज्यानं किती नाग मारले जी?"

बाजार हसून लोटपोट झाला. बाबांनी झोळी उचलली.

"हा सोरायसिस," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून आपल्याच कातडीवर धावते. कातडी घाईघाईनं वाढते, खपल्या साचतात, नखांवर असे खळगे पडतात. त्याखाली रक्ताच्या बारीक नळ्या पार वर आलेल्या असतात, खरवडलं की ठिपके येतात. चेल्याच्या चांगल्या कातडीवर कसे येतील? हात लावून हा आजार लागत नाई. मुळासकट जात नाई, पण औषधानं आटोक्यात राह्यते."

"मग आत्याले अन् भाचीले दोघींलेही काऊन?" कनीजबाईंनी विचारलं.

"जनुकांतून आजाराचा कल येते. रक्त तपासलं तर त्याच्या काही खुणा दिसतात. पण खूण असलेल्या बहुतेकांले आजार होतच नाई."

कनीजबाई विचारात पडल्या. "माह्या पोराले दमा आहे, त्याच्या बापालेही होता. मग तो कोणत्या नागाचा?"

"दमा?" मन्सूरभाऊ उसळले. "हे तर तुम्ही सांगितलंच नाई!"

आता लाजायची पाळी कनीजबाईंची होती. लग्न ठरल्या तारखेलाच झालं.

बापहो, आज्याकडून नाक येतं, तसा कधी आजाराचा कलही येतो. त्यात पाप कुणाचंच नसतं. आजाराला डॉक्टर शोधा, गुन्हेगार शोधू नका. आणि एखाद्या पोरीचं लग्न मोडण्याआधी निदान एक प्रश्न तरी विचारा.