शोकेसमधला खोका

मित्रांनो, माझे कोपरे फाटले आहेत, सोनेरी रंगाचे पोपडे निघाले आहेत. तेव्हा मला जुना खोका म्हणायला कुणाची हरकत नसावी. मी चहाच्या कपांचा खोका. पण माझ्या पोटात कप असे कधी राहिलेच नाहीत. हे सांगताना आजही मला अस्वस्थ वाटतं.

माझा जन्म छापखान्यातला. माझ्या अंगावर निळे कप, त्यांतून निघणारी वाफ आणि कडेने सोनेरी वेलबुट्टी छापली. निळा रंग जरा फिका उतरला की छापणारा तडकायचा. "कप कसा का असेना, चित्र बघून तहान लागली पाहिजे!" असं तो म्हणायचा. खरे कप भरले ते साध्या खाकी खोक्यांत. त्यांच्या आत प्रत्येक कपासाठी पुठ्ठ्याचा कप्पा होता. मला कप्पे नव्हते. माझं काम नुसतं शोकेसमध्ये दिसायचं.

भांड्यांच्या दुकानात मला काचेमागे उभं केलं. पण पंख्याच्या वाऱ्याने मी सारखा कोलमडायचो. दुकानदार एक दगड घेऊन आला, तशी त्याची बायको, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांच्या काकू, ओरडल्या, "दगड नको, पुठ्ठा फाटेल. दगडापेक्षा वीट मऊ!" आणि अर्धी वीट कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या पोटात सरकवली. वर लाल फीत बांधून टाकली.

मग काय विचारता! येणारी-जाणारी माणसं काचेला नाक लावून मला बघायची. खाकी खोके मागच्या फळीवर धूळ खायचे. मी फुशारून जायचो, पण सुख असं नव्हतंच. दुकानाचं दार वाजलं की एकच भीती. कुणी फीत सोडली तर? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत.

एके दिवशी दुपारी एक म्हातारे शिंपी काठी टेकत आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे पक्का माणूस. कापड उलटून, अस्तर चिमटीत धरून बघितल्याशिवाय त्यांनी कधी माल घेतला नाही, असं काकू कौतुकाने सांगायच्या. पण काकू आणि दुकानदार तेव्हा जेवायला गेले होते. गल्ल्यावर काकूंचा धाकटा दीर होता. विटेची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

मास्तर आपण होऊनच बोलायला लागले. "मुलीकडे निघालोय. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. जावई गवंडी आहे. विटा उचलणाऱ्याच्या घरी माझी मुलगी नांदणार नाही, असं मी चारचौघांत बोललो होतो. पोरगी तेव्हापासून बोलत नाही. आता रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

दिराने खाकी खोका पुढे केला. "हा न्या मास्तर. कप तेच आहेत."

"तेच कसे असतील? तो बघा, काचेतला! तोच द्या."

दिराने मला उचललं. चांगला जड लागलो, म्हणून त्यालाही शंका आली नाही. मास्तरांनी माझ्या कडा चाचपल्या, घडी बघितली, फितीला हात घातला आणि थांबले. "नको. सुटली तर पुन्हा अशी बसायची नाही."

अहो मास्तर, सोडा! मी आतल्या आत किंचाळत होतो. जन्मभर अस्तर बघितलंत, आजच कसे भुललात? पण खोक्याचं ऐकतो कोण! बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पोटातली वीट हलायची आणि मास्तर मला हलकेच थोपटायचे, आतले कप फुटू नयेत म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गवंड्याच्या घराच्या भिंतींना गिलावा नव्हता. दुसऱ्यांची घरं लिंपता लिंपता स्वतःचं राहून गेलं असावं. जावयाने पाणी दिलं. मुलगी लांबच उभी होती, पण मला बघून तिचा चेहरा उजळला. "बाबा, किती सुंदर!" असं म्हणत तिने फीत सोडली.

आत कागदात गुंडाळलेली अर्धी वीट.

मुलीने फीत खाली टाकली. मग ती म्हणाली, "हे सांगायला आलात एवढ्या लांबून?"

"अगं नाही! शोकेसमधला होता... मी आत बघितलंच नाही."

"तुम्ही? बाबा, तुम्ही उसवून बघितल्याशिवाय रुमालसुद्धा घेत नाही. आणि मी हे खरं मानू?"

आयुष्यभर कमावलेलं नावच मास्तरांवर उलटलं होतं. ते काठी शोधू लागले आणि दाराकडे वळले. त्या क्षणी मला चूल मिळाली असती तर मी आनंदाने जळलो असतो.

जावयाने दारात वाट अडवली. "बसा बाबा." मग बायकोला म्हणाला, "अगं, त्यांच्या तोंडाकडे तरी बघ. टोमणा मारायला आलेला माणूस असा थरथरतो का?"

मुलीने बघितलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्यांची काठी काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिघंही मला घेऊन दुकानात आले. काकूंनी कपाळावर हात मारला, दिराला फैलावर घेतलं आणि खरे कप काढून माझ्या पोटात ठेवायला लागल्या. माझा ऊर भरून आला. पण कप्पे कुठे होते? कप एकमेकांवर आपटायला लागले. "यात नकोत, फुटतील," असं म्हणत काकूंनी ते पुन्हा काढले. मित्रांनो, ते बोलणं मला विटेपेक्षा जड गेलं.

मास्तरांची नजर अजूनही शोकेसमधल्या दुसऱ्या चकचकीत खोक्यांकडे धावत होती. हे त्यांचं त्यांनाच कळलं. ते ओशाळले आणि पाठ फिरवून उभे राहिले. "जावईबापू," ते म्हणाले, "मला वरवरचंच दिसतं. तुम्ही निवडा."

जावयाने एकेक कप उजेडात धरून बघितला आणि खाकी खोका उचलला. मुलीने बापाचा हात धरला, आणि तिघं रस्त्याला लागले. मी गल्ल्यावर रिकामा पडून राहिलो.

पुढे उन्हाने माझा रंग विटला आणि काकूंनी मला माळ्यावर टाकलं. खाली शोकेसमध्ये आता नवा खोका आहे, माझ्याहून देखणा. दार वाजलं की माझा जीव अजून खालीवर होतो. मित्रांनो, देखण्या खोक्याकडे खुशाल बघा, आम्हाला ते आवडतं. पण घरी नेण्याआधी फीत सोडा. ती पुन्हा तशी बसली नाही तरी चालेल. मास्तरांची मुलगी त्या दिवशी हातची जाता जाता परत मिळाली. प्रत्येक घरात दार अडवणारा जावई असेलच असं नाही.