हातांचं कडं

"मान वर धर त्याची. नीट धर," अण्णा म्हणाले.

"धरलीय की. मी काय आज पहिल्यांदा धरतेय?" बायको म्हणाली.

अण्णांनी खिळ्याला मागून दोन्ही हात घातले. पुढच्या पायांच्या जरा मागे, छाती जिथे सगळ्यात रुंद असते तिथे. अंगठे पाठीच्या कण्यावर टेकवले आणि खालून दोन्ही हातांची बोटं एकमेकांना शोधू लागली. खिळा दीड वर्षाचा, आखूड पायांचा, पांढरा टेरिअर. अंगावर माश्या बसल्या तरी हलायचा नाही, इतका शहाणा. अण्णांनी दातओठ खाऊन दाबून पाहिलं. बोटांना बोटं काही लागेनात.

"नाही," ते म्हणाले. "नाही जुळत कडं."

"परत बघा."

"किती वेळा बघू? आधीच्या भावांसारखाच भरला मेला."

दोन हातांचं कडं हा अण्णांच्या घराण्याचा कायदा होता. आजोबांनी एका कुत्रीपासून ही पैदास धरली ती धान्याच्या गोदामांतल्या उंदरांसाठी. मोरीत, पायपात, फरशीखालच्या बिळात शिरेल असा चिवट, सडपातळ कुत्रा त्यांना हवा होता. इतरांचे टेरिअर पुढे प्रदर्शनात मिरवायला लागले आणि मिरवता मिरवता त्यांची पिंपं झाली. अण्णांच्या घरात मात्र ज्याची छाती दोन हातांच्या कड्यात मावत नाही, त्याची पिल्लं घ्यायची नाहीत. मग तो दिसायला राजबिंडा का असेना!

कुणाला वाटेल, म्हाताऱ्याची लहर आहे. लहर नव्हती हो. तरुणपणी अण्णांचा एक लाडका कुत्रा होता, टोचा नावाचा. कड्यात बसत नव्हता. अण्णांनी वडिलांच्या हातापाया पडून तो ठेवून घेतला. एकदा मोठ्या घुशीच्या मागे तो गोदामाच्या फरशीखाली शिरला आणि अडकला. वर सिमेंट, सिमेंटवर छतापर्यंत पोती, आणि मालक फरशी फोडू देईना. अण्णा फरशीला कान लावून पडून राहिले. आधी भुंकणं ऐकू आलं, मग कुईकुई, मग नुसती नखं. मग काहीच नाही. वडील मारायला धावले नाहीत की ओरडले नाहीत. "हे तुझ्या लाडानं झालं," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. अण्णा तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आणि एवढं सांभाळूनही अलीकडे सगळं बिघडत चाललं होतं. पूर्वी एका वेतात एखादं पिल्लू रुंद निघायचं. मग निम्मी निघायला लागली, मग सगळेच नर. अण्णा निवडून निवडून सगळ्यात बारीक जोडी लावत होते, तरी पुढचं वेत रुंदच. जो कड्यात बसला नाही त्याला डॉक्टरकडे नेऊन खच्ची करायचं आणि चांगलं घर बघून फुकट देऊन टाकायचं. कुणी टायरवाल्याकडे गेला, कुणी शाळेच्या शिपायाकडे. "खाण तशी माती म्हणतात," अण्णा बायकोला म्हणायचे, "माझी खाणच नासली बघ." खिळ्याचा बाप मागच्या वर्षी म्हातारपणानं गेला. आई दाभण आता विण्याच्या पलीकडे गेलेली. नर म्हणून उरला होता एकटा खिळा.

"शेवटचा आहे हो," बायको म्हणाली. तिनं खिळ्याची मान अजून सोडली नव्हती. "ह्याला कापलंत की संपलं. चुलीत घाला ते कडं!"

"आणि अडकून मेला म्हणजे?"

"अडकायला जातोय कुठे तो? गोदामांत औषध टाकतात आता. तुमच्या कुत्र्यांना बोलावतंय कोण?"

ते खरंच होतं, म्हणून अण्णांना जास्तच लागलं. "काम असो नसो, कुत्रा कामाचाच पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मग पिंपं काय कमी आहेत जगात?"

"सुंभ जळेल पण तुमचा पीळ जळायचा नाही," असं म्हणून ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा खिळ्याला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं खिळ्याला टेबलावर घेऊन वरखाली पाहिलं. "अण्णा, नर झकास आहे. नक्की करायचं ना?" अण्णा म्हणाले, "करा." येताना खिळा गुंगीतच त्यांच्या मांडीवर पडला होता. रिक्षात त्यांना रडू फुटत होतं, पण रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून त्यांनी ते गिळलं. ह्याला तरी बाहेर द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

महिन्याभरानं प्रदर्शन आलं. अण्णा खिळ्याच्या बहिणीला, सुईला, घेऊन गेले. सुईचं कडंही जुळत नव्हतं, पण खिळ्यापेक्षा कमी अंतर राहायचं. बक्षिसाची आशा नव्हती. घराण्याचं नाव एकदा शेवटचं पुकारलं जावं, इतकीच इच्छा होती.

मोठ्या हॉलमध्ये रबराच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. जिकडेतिकडे शॅम्पूचा वास, केस वाळवायच्या यंत्रांची घरघर आणि कुत्र्यांपेक्षा जास्त नटलेले मालक. परीक्षक बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, हात शाळकरी पोरीएवढे. त्यांनी सुईला मागून कडं घातलं. अण्णा सवयीनं वाकून बघायला लागले. बाईंची बोटं खाली नुसती भेटली नाहीत, एकमेकांवर चढली.

"काका, तुमचीच पैदास?"

"आजोबांपासूनची."

"काय अंग आहे हो! पण एक सांगू का, रागावू नका. छाती फार अरुंद होत चाललीय. फुप्फुसाला जागा कुठेय? आणखी एक पिढी अशीच काढलीत तर दम टिकायचा नाही."

"बाई, म्हाताऱ्याची चेष्टा करू नका," अण्णा म्हणाले. "हिचं कडं जुळत नाही."

"जुळत नाही? जुळून वर उरतंय की."

"तुमचे हात मोठे असतील."

बाई हसल्या. त्यांनी आपला पंजा उभा धरला. "लावा बरं हात."

अण्णांनी हात लावला. त्यांच्या तळव्यात बाईंचा तळवा हरवून गेला. पण बाईंची बोटं सरळ उभी होती, आणि अण्णांची आत वळलेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर टेकायलाच तयार नव्हतं.

"सरळ करा ना."

"एवढीच होतात. गारठा आहे जरा."

"कसला गारठा, काका? पंखे चालू आहेत." बाईंचं हसू गेलं होतं. "कधीपासून आखडलीत बोटं?"

शर्टाची बटणं बायको लावते. बरणीचं झाकण तीच काढते. कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. हे कधीपासून, ते अण्णांनी कधी मोजलं नव्हतं. "झाली असतील बरीच वर्षं," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं. कुत्रे रुंद होतच नव्हते. हात आखडत होते. चांगले चांगले नर आपण आपल्या हातांनी नेऊन टेबलावर ठेवले.

"हिला भाऊ आहे का एखादा?" बाई विचारत होत्या. "हिच्याहून जरा भरलेला असला तर सोनं आहे सोनं. घेऊन या, मी बघते."

"आहे," अण्णा म्हणाले. "घरी आहे." बाईंनी सुईच्या गळ्यात पहिल्या नंबरची फीत घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर टायरवाल्याचं दुकान होतं. दाभणच्या पहिल्या वेतातला नर अण्णांचा वास ओळखून धावत आला आणि पायांत घुटमळायला लागला. काय सुरेख बांधा होता त्याचा! "अण्णा, चहा घ्या की," टायरवाला म्हणाला. अण्णांनी कुत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घाई आहे म्हणाले आणि निघाले.

"अगंबाई, पहिली आली?" बायकोनं दारातच सुईला उचललं. "मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

अण्णांनी चपला काढल्या नाहीत. त्यांनी खिळ्याला हाक मारली. "इकडे ये. ह्याला कडं घाल."

"मी? कधी हात लावू दिलात का आजवर? बायकांचं काम नाही म्हणायचे मामंजी."

"घाल म्हणतो ना."

सुईला खाली ठेवून ती खिळ्यामागे बसली आणि इतकी वर्षं बघत आलेलं तसंच्या तसं केलं. अंगठे कण्यावर, बोटं खाली. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं आधी खाली पाहिलं. मग सुईच्या गळ्यातल्या फितीकडे. मग अण्णांच्या वळलेल्या बोटांकडे. त्यांची बटणं रोज लावणारी बाई ती, तिला काय समजावून सांगायला हवं होतं?

"जुळतं?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"नीट दाबून बघ."

"बघितलं ना. नाही जुळत," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं."

सगळ्या संसारात हे शब्द तिच्या तोंडून अण्णांनी एकदाही ऐकले नव्हते. ते गुडघ्यांवर हात रेटत तिच्यासमोर खाली बसले. आपला वाकडा पंजा त्यांनी खिळ्याच्या पोटाखाली सारला. तिथे तिची बोटं एकमेकांत गुंतलेली होती, आणि तिनं ती घट्ट आवळून धरली होती.

"बरं," अण्णा म्हणाले.

त्यांनी हात काढला नाही, तिनंही नाही. खिळा मुकाट उभा राहिला, आणि त्याची छाती दोघांच्या हातांत वर-खाली होत राहिली.