दारातलं वाक्य

फाइल बंद करण्याचा फॉर्म एका पानाचा आहे. सात रकाने. प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरात छापलंय: दोन ओळींत लिहावे.

रकाना १. व्यक्तीचा परिचय

पुरुष, वय सत्तेचाळीस. एकवीस वर्षं लिफ्टदुरुस्तीचं काम, ते सुटून चार वर्षं झाली. लग्न नाही. बहिणीकडे राहतो.

दोन ओळी संपल्या. आमच्या समुपदेशन केंद्रात त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे, हे त्यात बसलं नाही. आल्या आल्या तो खोली तपासायचा. खुर्चीचा पाय, पंख्याचा आवाज, खिडकीची कडी. मग निकाल.

"मॅडम, या खुर्चीवर माणसं बरी व्हायला बसतात की पडायला?"

माझ्याआधी पाच समुपदेशकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. त्याच्या मते त्यानेच पाचही जणांना नापास केलं होतं. प्रत्येकाविरुद्ध लेखी तक्रार, सुंदर अक्षरात, मुद्द्यांना क्रमांक घालून. एकीबद्दल लिहिलं होतं की या बाई सहानुभूतीने मान हलवतात, पण मान हलवण्याचा वेग दर वेळी सारखाच असतो. ती तक्रार आम्ही डबे खाताना मोठ्याने वाचली आणि पोट धरून हसलो. दुपारनंतर प्रत्येकजण आपापल्या खोलीत मान सांभाळून हलवत होता.

रकाना २. कोणी पाठवले

बहिणीने. तिला मी एकदाच भेटले. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"मॅडम, उगाच गोड बोलत नाही. आमच्याकडे दोन खोल्या. लहान खोली ह्याची. मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे. हे म्हणतात, पोरगी स्वयंपाकघरात बसून अभ्यास करणार का? त्यांचंही चूक नाही. मी सांगितलंय, तो उपचार घेतोय तोवर खोली त्याची. फाइल बंद झाली की मी त्याच्या बाजूने तोंड उघडणार नाही."

"आणि मग ते कुठे जातील?"

"ते मला विचारू नका. मी थकले हो."

सलग तीन वेळा आलं नाही तर फाइल बंद, हा केंद्राचा नियम. म्हणजे त्याचं मन कधी थाऱ्यावर यायचं ते येवो, आधी दर मंगळवारी अकरा वाजता तो माझ्यासमोरच्या खुर्चीत दिसायला हवा होता. नाहीतर डोक्यावरचं छप्पर जाणार होतं.

रकाना ३. मुख्य अडचण

पन्नास मिनिटांतली एकोणपन्नास तो पंखा आणि खुर्चीवर घालवायचा. मग उठायचा, दाराच्या मुठीवर हात ठेवायचा आणि माझ्याकडे पाठ करून म्हणायचा, "आई गेली तेव्हा मी लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होतो. फोन वाजत होता. हात काळे होते म्हणून उचलला नाही."

मी म्हणायचे, बसा, बसा. तो बसायचा. वीस मिनिटं जास्त जायची. बाहेर बारा वाजताच्या बाई घड्याळाकडे बघत बसलेल्या असायच्या. दोनदा त्या निघूनही गेल्या.

आमच्यात याला दारातलं वाक्य म्हणतात. पुष्कळ माणसं खरी गोष्ट निघता निघता टाकतात, म्हणजे तिच्यासोबत बसावं लागत नाही.

रकाना ४. वापरलेली कौशल्ये

आमचं काम तपासणाऱ्या मोठ्या मॅडमना या कामात तीस वर्षं झालीत. मी त्यांच्यासमोर रडगाणं लावलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तू त्याला काय शिकवतेयस, कळतंय का? खरं बोललं की वीस मिनिटं वर मिळतात, पण दारात बोललं तरच."

"मग काय करू? तसंच जाऊ देऊ?"

"हो. दारात काही बोलला की उभी राहा. म्हण, हे महत्त्वाचं आहे, पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू. एक मिनिट वर देऊ नकोस. आणि सुरुवातीची ती पंखा-खुर्ची आहे ना, तिला अजिबात खतपाणी घालू नकोस. वाद नको, माफी नको, कुतूहलही नको. सपाट आवाजात एकच वाक्य: हे तक्रारवहीत लिहा, आपण कामाला लागू."

"निर्दयी वाटतं हो."

"वाटू दे. तू गोड वागलीस म्हणून काही तो टिकणार नाहीये."

मी घरी आरशासमोर सराव केला. सपाट आवाज सोपा नसतो. नवरा बाहेरून म्हणाला, "आत कोणाला हाकलतेयस?"

रकाना ५. प्रगती

त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मुठीवर हात ठेवून तो म्हणाला, "मॅडम, मला कधी कधी असं होतं की..."

मी उभी राहिले आणि वाक्य म्हटलं.

तो वळला. "मीटर लावलंय का तुम्ही?"

गेला. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या मंगळवारी आला. तिसऱ्या आठवड्यात खरी गोष्ट चाळिसाव्या मिनिटाला निघाली. पाचव्या आठवड्यात पंचविसाव्या मिनिटाला तो आईबद्दल बोलला, सलग, बसून. रडला. मी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. त्याने एक काढून उजेडाकडे धरला. "हे नाक पुसायला आहेत की लाकूड घासायला?" दोघंही हसलो. सातव्या आठवड्यात तर दहाव्याच मिनिटाला.

"तुम्हीच म्हणालात ना, महत्त्वाचं आधी," तो म्हणाला.

महिन्याच्या बैठकीत मी आलेख काढून दाखवला. खाली आठवडे, बाजूला मिनिटं, उतरत जाणारी रेघ. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "बघा, वाक्य दारातून कसं आत येतंय." सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मला त्या दिवशी घरी जाताना जमिनीला पाय लागत नव्हते.

रकाना ६. शेवटचे सत्र

नववा मंगळवार. शब्द जसेच्या तसे देते. ते मला पाठ झालेत.

तो आला. बसला नाही. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "तुमचा पंखा आज परत घासतोय. खिडकीची कडी बसत नाही. माझा पलंग जिन्याखाली नेऊन ठेवलाय. ही खुर्ची बदलली का?"

मी सपाट आवाजात म्हटलं, "हे सगळं तक्रारवहीत लिहा. आपण कामाला लागू."

"सगळं?"

"सगळं."

"बरं."

मग तो बसला. मी विचारलं त्याला उत्तरं दिली. झोप? ठीक. जेवण? होतं. घरी? आहेत सगळे. पन्नास मिनिटं झाली. तो उठला, मुठीवर हात ठेवला. मी वाक्य जिभेवर घेऊन तयार होते. तो काही बोलला नाही. दार हळू ओढून घेतलं, आवाज न करता.

मी नोंद लिहिली: दारातलं वाक्य नाही. उत्तम सत्र. आणि खाली रेघ मारली.

माझ्या आलेखातली रेघ उतरत उतरत पहिल्या मिनिटाला टेकली होती. आणि पहिल्या मिनिटाला तो जे बोलेल ते ऐकायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

मला हे कळलं ते तीन आठवड्यांनी. तोवर तो तीनही मंगळवारी आला नव्हता. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी त्याच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा वाजत राहिला. दुसऱ्यांदा बहिणीने उचलला: "येतो म्हणालाय." तिसऱ्यांदाही तिनेच: "मॅडम, तो परवा कामाच्या हत्यारांची पिशवी घेऊन गेला. अहो, खोली काढून नव्हती घेतली हो, परीक्षेपुरता पलंग हलवला होता फक्त. तुम्हाला बोलला नाही का काही?"

काउंटरवरच्या मावशी तेव्हाच तक्रारवही घेऊन वर आल्या. "हे बघितलंत का?" त्याचं सुंदर अक्षर. तारीख नवव्या मंगळवारची.

१. पंखा घासतो.
२. खिडकीची कडी बसत नाही.
३. पलंग जिन्याखाली. चार रात्री झोप नाही. डोक्यात नको ते येतं.

समोर देखभाल विभागाचा शेरा, शिक्क्यासह: क्रमांक १ व २ पूर्ण. क्रमांक ३ या विभागाशी संबंधित नाही.

रकाना ७. बंद करण्याचे कारण

छापलेले पर्याय तीन. उद्दिष्ट पूर्ण. दुसरीकडे पाठवले. सलग तीन गैरहजेरी.

वही मोठ्या मॅडमसमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "मी असते तरी हेच केलं असतं."

त्यांना मला धीर द्यायचा होता.

"पोलिसांना कळवलंस?"

"बहिणीने आणि मी, दोघींनी. वही दाखवली. ते म्हणाले, नोंद घेतो."

"मग?"

"दोन आठवडे फाइल उघडी ठेवू या ना. आला तर?"

"यादीत एकशे चाळीस माणसं आहेत. त्यातलं कोण कुठे झोपतंय, तुला माहितेय?"

मी तिसऱ्या पर्यायावर खूण केली. सही केली.

मागील बाजू. येथे काही लिहू नये

सही केल्यावर नवव्या दिवशी तो आला. मावशींचा खालून फोन आला, "मॅडम, इन्स्पेक्टर आलेत," आणि मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. जिवंत होता.

"फाइल उघडा मॅडम."

"बंद झालीय," मावशी म्हणाल्या. "नवीन नोंदणी करावी लागेल. चौदा आठवडे थांबायचं."

"चौदा? लिफ्टचा सुटा भाग सहा आठवड्यांत येतो." पण त्याने फॉर्म ओढून घेतला आणि उभ्यानेच भरू लागला. नाव. वय. काम. पत्त्यापाशी पेन थांबलं.

"ताईंचा लिहा," मी म्हटलं.

"तिथे मी राहत नाही."

"फॉर्मपुरतं लिहा हो."

"मॅडम, न बघितलेल्या लिफ्टच्या कागदावर मी एकवीस वर्षांत सही केली नाही. दाजी तर म्हणायचे, याची नोकरी त्या सवयीनेच गेली."

"मग केंद्राचा घाला. मावशी, चालेल ना?"

मावशींनी मान हलवली. "बोलावण्याचं पत्र घरी जातं. केंद्राचा पत्ता कॉम्प्युटर घेत नाही. मी मागे करून बघितलंय."

"त्या दिवशी तुम्ही पलंगाचं सांगितलंत," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

"ऐकलंत की. उत्तरही दिलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी काय करायचं ते माहीत होतं.

"आता बोलू या. वर चला. पाच मिनिटं."

त्याने बाकाकडे पाहिलं. बारा वाजताच्या बाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"त्यांची वेळ आहे," तो म्हणाला.

"त्या थांबतील."

"कशाला? परत माझ्या पायी त्या उठून जायच्या." त्याने पेनाला टोपण लावलं आणि काउंटरवर ठेवलं.

"कुठे राहताय ते तरी सांगा," मी म्हटलं. "रात्रीचा निवारा असतो, तिथे मी फोन करते. आत्ता."

"बघितला तो. जिन्याला कठडा नाही."

तो निघाला. मी फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले, फोन करा, कधीही करा, असं काहीबाही म्हणत. माझा नंबर कागदावर लिहून दिला. त्याने तो वाचून बघितला, शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच्याकडे फोन उरला नव्हता, तो बहिणीकडेच होता, हे मला नंतर आठवलं. फाटकाबाहेर थांबून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बराच वेळ. मग डावीकडे गेला.

मी आत आले. बारा वाजताच्या बाई उठून उभ्या होत्या. मावशींच्या हातात तो अर्धा फॉर्म होता.

"हा कुठे ठेवू? पत्ता नाही म्हणजे क्रमांक पडत नाही. क्रमांक नसेल तर याचा खण नाही."

मी म्हटलं, ठेवा कुठेतरी.

"कुठे पण?" त्या म्हणाल्या.